मासे सोडून सगळं

हर्णै बंदरात माणसाची पत त्याच्या बोटीच्या सिलिंडरांवरून ठरते. दोन सिलिंडरवाला नमस्कार करतो, सहा सिलिंडरवाला नमस्कार घेतो, आणि चार सिलिंडरवाला समोर कोण आहे ते बघून ठरवतो. हा हिशेब वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. मग केबिनमध्ये पडदे आले आणि सगळं बिघडलं. आता सहा सिलिंडरचा नाखवासुद्धा केबिनमध्ये पडदा नसेल तर संध्याकाळच्या लिलावात अर्धं पाऊल मागे उभा राहतो. पडद्यावर काय दिसतं, हे कुणी कुणाला विचारत नाही. पडदा किती इंची, एवढंच विचारतात.

या वस्तूला पुस्तकं इको साउंडर म्हणतात, दुकानदार फिश फाइंडर म्हणतात आणि खलाशी टीव्ही म्हणतात. तिघांत खलाशी जास्त प्रामाणिक, कारण पडद्यासमोर एकदा बसलेला माणूस जाळं ओढायला उठत नाही, हे त्यांनीच आधी पाहिलं.

नाना हे माझे सख्खे काका. त्यांचा लाकडी ट्रॉलर आहे, सहा सिलिंडरचा. मी दापोलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घरात विज्ञानाचा मास्तर असला की मिक्सर, ग्रहण, टायफॉइड आणि गॅसचा रेग्युलेटर हे विषय आपोआप त्याच्या वाट्याला येतात. त्यामुळे नानांनी मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते कोण बसवणार याची चर्चाच झाली नाही.

मशीन घेण्यामागे शास्त्रीय कारण काही नव्हतं. शेजारच्या एका नाखव्याला पापलेट बरं लागलं आणि लिलावात कुणीतरी त्याला गुपित विचारलं. त्यानं कुलदेवीचं नाव घेतलं असतं, तर नाना नवस बोलून मोकळे झाले असते आणि खर्च नारळावर भागला असता. त्यानं मशीनचं नाव घेतलं.

तोवर नानांकडे पाण्याची खोली मोजायला काही नव्हतं असं नाही. एक दोरी होती, तिच्या टोकाला शिशाचा गोळा होता आणि दर वावेला एक गाठ होती. शिशाच्या बुडाला नाना साबण थापत, म्हणजे तळाचा नमुना चिकटून वर येई. तो नमुना बोटांत चोळून आणि नाकाला लावून ते सांगत, ‘‘काळा चिखल. मऊ. हितं कोळंबी असंल.’’ आणि बहुतेक वेळा असे. नसली, तर ती चिखलाची चूक धरली जाई.

आजोबांची पद्धत याहून स्वस्त होती. ते वल्हं पाण्यात उभं धरून त्याच्या वरच्या टोकाला कान लावत आणि खाली घोळ मासा ओरडतोय की नाही ते ऐकत, असं घरात सांगतात. मला ही बढाई वाटायची. पण लिओनार्दो दा विंचीनं 1490 च्या सुमारास असंच लिहून ठेवलंय, की पाण्यात नळी बुडवून दुसरं टोक कानाला लावलं तर लांबची जहाजं ऐकू येतात. आणि घोळ खरोखर ओरडतो. त्याच्या जातीचे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून आवाज काढतात. म्हणजे आजोबा आणि लिओनार्दो एकाच पंथाचे. फरक इतकाच, की आजोबांनी ते लिहून ठेवलं नाही, कारण कान लावल्यानंतर त्यांना लगेच जाळं टाकायचं असे.

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी. आमच्या बोटी तेव्हा अंजर्ल्याच्या खाडीत काठाला ओढून झापांनी शाकारतात. मशीन त्या दिवसांत आलं. खोक्यात एक पडदा, एक लांबलचक केबल आणि केबलच्या टोकाला मुठीएवढा काळा गोळा. त्या गोळ्याचं नाव ट्रान्सड्यूसर. त्याच्या आत चिनी मातीच्या जातीतली एक चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते आणि ती थरथरवली की वीज देते. हा गुण क्युरी बंधूंनी 1880 साली काही स्फटिकांत शोधून काढला. ‘‘म्हणजे ही चकती आवाज करते, तो तळाला आपटून परत येतो आणि ती तो ऐकते,’’ मी नानांना समजावलं.

‘‘आणि मासे?’’ नाना म्हणाले.

पुढच्या दोन महिन्यांत मी त्यांना जे जे समजावलं, त्या प्रत्येकाचा शेवट या प्रश्नानं झाला. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. तीस मीटर खोल तळाला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. 1826 साली जिनिव्हाच्या सरोवरात दोघांनी दोन होड्यांत बसून पाण्यातला आवाजाचा वेग पहिल्यांदा नीट मोजला. एकानं पाण्याखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडवला. कित्येक किलोमीटरांवर दुसरा पाण्यात नळी घालून, कान लावून, घड्याळ घेऊन बसला होता.

‘‘आणि मासे?’’

मासे त्यांनी पकडल्याची नोंद नाही.

‘‘मग हे मशीन काढलं कुणी?’’ बोटीच्या फटींत कापूस ठोकता ठोकता नानांनी एकदा विचारलं. मी टायटॅनिकपासून सुरुवात केली. 1912 साली ते बुडालं. जर्मनीतल्या अलेक्झांडर बेम या शास्त्रज्ञानं ठरवलं, की पाण्यात आवाज सोडून हिमनग आधीच हेरायचा. हिमनग काही नीट हेरता येईना, पण तळाचा प्रतिध्वनी मात्र स्वच्छ येऊ लागला. मग 1913 साली त्यानं खोली मोजायच्या युक्तीचंच पेटंट घेतलं. त्याआधी चॅलेंजर नावाचं इंग्रजांचं जहाज 1872 ते 1876 जगभर फिरलं. मैलमैल दोरी खाली सोडून आणि वर ओढून त्यांनी खोल समुद्राची मापं घेतली, ती पाचशेच्या आतबाहेर. मग 1925 ते 1927 या काळात मेटेओर हे जर्मन जहाज दक्षिण अटलांटिकमधून आवाज सोडत गेलं आणि सदुसष्ट हजारांच्या वर मापं घेऊन आलं.

‘‘दोरीवाल्यांचे हात बघितलेत कुणी?’’ नाना म्हणाले. चॅलेंजरच्या खलाशांबद्दल इतक्या आपुलकीचा प्रश्न मी कुठल्याही ग्रंथात वाचलेला नाही.

माशांसाठी हे यंत्र व्यवहारात आणलं ते जपानच्या फुरुनो बंधूंनी, 1948 साली, नागासाकीत. युद्धातून उरलेलं खोली मोजायचं यंत्र घेऊन त्यांनी खटपट केली होती.

‘‘नागासाकी म्हंजे बॉम्ब पडला तेच?’’

‘‘तेच.’’

‘‘कधी पडला?’’

‘‘1945.’’

नानांनी हातोडा खाली ठेवला. ‘‘तीन वर्षांत माणसं परत मासे शोधाया लागली. मंग बशीव मशीन.’’

बसवायचं कुठे, हा खरा प्रश्न. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूनं चिकटवला तरी चालतं, आवाज बुडातून आरपार जातो. लाकडात ते होत नाही. लाकडाच्या रेषेरेषेत हवा असते आणि या आवाजाचं हवेशी हाडवैर आहे. बोटीच्या मागच्या फळीला लावला, तर पंख्यानं घुसळलेल्या बुडबुड्यांत त्याला काही दिसत नाही. उरला एकच मार्ग : बोटीच्या बुडाला भोक पाडायचं.

‘‘भोक पडू नये म्हणून दरसाल कापूस न् राळ भरतो मी,’’ नाना म्हणाले. ‘‘आता पैसं देऊन भोक पाडू?’’

या युक्तिवादाला विज्ञानात उत्तर नाही. मी मशीनसोबत आलेलं पुस्तक पुढे केलं. पुस्तकात एका माणसाचं चित्र होतं. तो हसत हसत बोटीला भोक पाडत होता. नानांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बोट त्याची नसंल.’’

जागेबद्दल तर प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. वायरमनला ती केबिनच्या बरोबर खाली हवी होती, म्हणजे त्याचं काम लवकर संपलं असतं. नानांना ती नाळेजवळ हवी होती, म्हणजे मासे आधी दिसले असते. पण नाळ लाटेवर वर उचलली जाते आणि खाली हवा शिरते. काकूंचं म्हणणं, जिथे देवाचा फोटो आहे त्याच्या खाली आणा, म्हणजे मशीनवर लक्ष राहील. पुस्तक सांगत होतं : पंख्याच्या पुढे, इंजिनपासून दूर, पठाणाच्या, म्हणजे बुडाच्या कण्याच्या, बाजूला, जिथे बोट चालताना पाणी बुडबुड्यांशिवाय बुडाला लागून वाहतं. अखेर म्हातारा सुतार आला. त्यानं बुडावरून तळहात फिरवला, दोन ठिकाणी टिचकी मारली, खडूनं फुली मारली आणि विडी पेटवली. मी टेप लावून पुस्तकातलं माप घेतलं. फुली आणि पुस्तक यांच्यात वीतभराचंही अंतर नव्हतं. सुतारानं पुस्तक मागून घेतलं, उलटंसुलटं केलं आणि ‘‘बरं लिवलंय’’ म्हणून परत दिलं.

भोक पडत असताना नाना गावात चहाला गेले. ते भोक पडून, गोळा बसून, भोवती लाकडी ठोकळा आणि सीलंट लागून सगळं सुकल्यावरच परतले.

नंतर मशीनला सजवण्याची स्पर्धा लागली. रंगाऱ्यानं बोटीच्या बुडाला तांबडा रंग दिला आणि ‘हे काळं कशाला राहू द्यायचं’ म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडालाही दोन जाड हात मारले. आवाज जिथून निघतो तिथे जाड रंग चालत नाही, म्हणून तो खरवडला. मग काकूंनी त्याच तोंडाला हळदकुंकू लावलं आणि वर थोडं खोबरेल. तेलकट तोंडावर पाणी नीट टेकत नाही, बुडबुडे चिकटून राहतात, म्हणून पुस्तक सौम्य साबणानं पुसायला सांगतं. देवाच्या नावानं लावलेलं कुंकू साबणानं पुसायला घरात कुणी धजेना. शेवटी काकूंनीच पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘आंघूळ घातली म्हणायचं.’’ धर्म आणि ध्वनिशास्त्र यांच्यात इतकी स्वच्छ तडजोड मी पाहिली नव्हती.

वायरमनचा जीव केबलमध्ये अडकला होता. ती गरजेपेक्षा चांगली लांब होती आणि त्याच्या हातात पक्कड होती. केबल कापू नये, जोडू नये, असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं आहे. मी ते तीनदा वाचून दाखवलं आणि चौथ्यांदा पक्कड काढून घेतली. उरलेल्या केबलचं वेटोळं केबिनच्या कोपऱ्यात टांगलं. खलाशी हल्ली त्यावर टॉवेल वाळत घालतात आणि त्यानं मशीन बिघडत नाही, हे प्रयोगानं सिद्ध झालं आहे. वीज मात्र त्यानं मोबाइल चार्जर आणि गाण्यांच्या स्पीकरच्याच तारेवरून घेतली. इंजिन सुरू केलं की पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा धावू लागत आणि नाना ओरडत, ‘‘बांगडा! बांगड्याची रांगच्या रांग!’’ वेग वाढवला की रांग दाट होई. जो बांगडा बोटीच्या अ‍ॅक्सिलरेटरवर कमीजास्त होतो तो पाण्यात नसून डायनॅमोत आहे, हे पटायला वेळ लागला. मग बॅटरीपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज, आणि बांगडा गेला.

पण या सगळ्याच्या आधी, बोट अजून काठावरच असताना, एक सोहळा झाला. वायरमननं पहिल्यांदा वीज जोडून पडदा लावला. बुडाखाली पाणी नव्हतं, वाळू होती. तरी पडद्यावर निळं पाणी आलं, तांबडा तळ आला आणि चाळीस मीटरवर थवेच्या थवे सरकू लागले. निम्मी वाडी गोळा झाली. नाना गहिवरले. त्यांनी पोराला पेढे आणायला पिटाळलं. एका वृद्ध गृहस्थांनी रास्त शंका काढली, की वाळूखाली इतके मासे असतील तर विहीर खणायला काय हरकत आहे. मी पुस्तक चाळत होतो. दुकानात गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी या मशीनमध्ये डेमो नावाची एक सोय असते. ती चालू असली की बोट समुद्रात असो, वाळूत असो की दापोलीच्या एसटी स्टँडवर, मासे दिसत राहतात. मी हे पान गाठलं तोवर पेढ्यांचा पुडा फुटला होता. विज्ञानाच्या शिक्षकानं अशा वेळी काय करावं, हे बी.एड.ला शिकवत नाहीत. मी एक पेढा उचलला आणि डेमो बंद केला.

ऑगस्टमध्ये दर्याला नारळ वाहून झाला आणि बोट बाहेर पडली. खोली किती ते मशीन मीटरमध्ये सांगतं, फुटांत सांगतं आणि फॅदममध्येही सांगतं. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आपली वाव. हे कळल्यावर नानांना ते यंत्र प्रथमच घरचं वाटलं. मग त्यांनी एक तक्रार केली : ‘‘आवाज करतंय म्हंतोस, तर ऐकू का येत नाय?’’ माणसाच्या कानाची मजल सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत, आणि हे बोलतं दोन लाखांवर. नानांनी मान हलवली. जे बोलणं ऐकू येत नाही त्याचे पैसे मोजायची त्यांना सवय नव्हती.

पडदा वाचणं ही वेगळी विद्या आहे. पडद्याची अगदी उजवी कड म्हणजे आत्ता. बाकी अख्खा पडदा म्हणजे मघाशी. पुढचं त्यात काहीच नसतं. हे मी बोट निघण्याआधी सांगितलं, निघाल्यावर सांगितलं आणि नंतरही सांगत राहिलो. तरी पडद्याच्या मधोमध थवा दिसला की नाना गरजत, ‘‘पुढं हाय! सोडा जाळं!’’

‘‘नाना, तो मागे राहिला.’’

‘‘मंग फिरीव बोट.’’

बोट फिरे. जीपीएसवर खूण केलेल्या जागी परत येई. दरम्यान माशांनाही काही कामं असतात.

शिवाय मशीन सगळा समुद्र बघत नाही. आवाज खाली जातो तो टॉर्चच्या झोतासारखा, पसरत. आमच्या मशीनचा बारीक झोत बारा अंशांचा आहे. वीस मीटर खोल तळावर त्याचा गोल पडतो चार मीटरचा. अरबी समुद्र त्याहून मोठा आहे. पन्नास किलोहर्ट्‌झचा रुंद झोतही आहे, तो खोल पाण्यात जास्त लांब पोचतो. नाना तोच लावतात, कारण तेवढ्याच पैशांत जास्त समुद्र येतो. पण रुंद झोतात बारीकसारीक उंचवटे पुसले जातात, म्हणून नानांची पाठ वळली की मी दोनशेवर आणतो, आणि माझी वळली की ते पन्नासवर नेतात. मशीन टिकाऊ आहे, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

तिसरं भांडण गेनचं. गेन म्हणजे मशीनचा कान किती टवकारायचा ते ठरवणारी कळ. पूर्ण फिरवली, तर पाण्यातला प्रत्येक कण, प्रत्येक बुडबुडा, शेजारच्या बोटीच्या मशीनचा आवाजसुद्धा ठिपके होऊन पडद्यावर येतो. नाना ती पूर्ण फिरवतात. ‘‘दिसतं तरी,’’ म्हणतात. वर मशीनमध्ये आणखी एक लाडिक सोय आहे : ठिपक्यांऐवजी माशांची चित्रं दाखवायची. ती चालू केली की प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा डोळे आणि शेपटी असलेला मासा होऊन येते, आणि शेजारी तिची खोली येते. ते चित्र पाहून जाळं टाकलं की मुंबईच्या किराणा दुकानांची नावं वाचायला मिळतात.

आता मुद्द्याची गोष्ट. मशीन मासा ओळखत नाही. माशाच्या पोटातली हवा ओळखतं. माशाचं मांस आणि समुद्राचं पाणी यांत आवाजाला फारसा भेद वाटत नाही. पुष्कळ माशांच्या पोटात मात्र तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते आणि प्रतिध्वनीचा मोठा हिस्सा तिथून येतो. ज्याच्या पोटात जास्त हवा त्याची नोंद आधी. ग्रामसभेचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

घोळ माशाची हीच पिशवी तर परदेशात सोन्याच्या मोलानं जाते. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेच्या वर घोळ लागले आणि ते सव्वा कोटीच्या पुढे गेले. तेव्हा ही बातमी आमच्याकडे इतक्या वेळा वाचली गेली, की वर्तमानपत्राची घडी फाटली. म्हणजे मशीनला जे ऐकू येतं तेच बाजारालाही ऐकू येतं, असं म्हणावं, तर बोंबील घ्या. बोंबलाच्या पोटात पिशवीच नाही. मुशीत नाही. माकुलात नाही. कोळंबीचा तर प्रश्नच नाही. ती तळाला चिकटून असते आणि तिचा क्षीण प्रतिध्वनी तळाच्या मोठ्या प्रतिध्वनीत बुडून जातो. थोडक्यात, ज्यांच्यावर नानांचं घर चालतं, काकूंची वाळवण चालते आणि माझं एम.एस्सी. झालं, ते सगळे जीव मशीनच्या लेखी समुद्रात जवळपास नाहीतच.

हे मी नानांना सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे मासे सोडून सगळं दिसतं?’’

इतकी अचूक व्याख्या पुस्तकात नाही.

पण ‘सगळं’ म्हणजे काय, हे आम्हांला बोटीवरच्या नेपाळच्या पोरानं शिकवलं. कोकणातल्या बोटींवर आता नेपाळहून पुष्कळ जण येतात. या पोरानं इथे येईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण पडदा त्याच्याइतका कुणालाच वाचता येत नाही. कारण उघड आहे. नाना पडद्यात मासे शोधतात, मी त्यात भौतिकशास्त्र शोधतो. त्याचा पगार महिन्यावर आहे, त्यामुळे त्याला तिथे जे आहे तेवढंच दिसतं. एकदा जाळं तळाला लावून बोट ओढत असताना तो ओरडला, ‘‘नाना, ढुंगा! ढुंगा!’’ ढुंगा म्हणजे दगड. पडद्यावर तळाची पातळ रेघ एकदम जाड, लालबुंद झाली होती आणि वर चढू लागली होती. शिवाय बरोबर दुप्पट खोलीवर दुसरा एक फिकट तळ उमटला होता.

‘‘समुद्राला दोन तळ?’’ नाना म्हणाले.

खाली चिखल असला की तो आवाज पिऊन टाकतो. दगड असला की आवाज इतक्या जोरानं परततो, की पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. दुसरा तळ दिसला म्हणजे पहिला कठीण आहे. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर नानांनी विंच चालू करून जाळं उचलायला लावलंही होतं. जाळं सगळंच्या सगळं वर आलं. खडपात गुंतलं असतं, तर ते फाटून गेलं असतं आणि बंदरावर बसून विणण्यात ऐन हंगामाचे दिवस गेले असते.

ते खडप आजोबांना माहीत होतं. सुवर्णदुर्गाचा अमुक बुरूज आणि किनाऱ्यावरचं तमुक झाड एका रेषेत आलं की तिथे जाळं टाकू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. पण मधल्या काळात ते झाड पडलं आणि रेषा गेली. नानांनी त्या रात्री वहीत जागा लिहून घेतली. मग दुसरी, मग तिसरी. वहीवर ‘खडपं’ असं नाव घातलं.

अंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो आणि दर पावसाळ्यात त्याची जागा बदलते. ओहोटीला आत शिरताना नाखव्यांचा श्वास अडकतो. मशीनला सांगून ठेवलं की दोन वावांच्या आत पाणी आलं तर बोंब मार, की ते इमानानं बोंब मारतं. आता ओहोटीला आत येणाऱ्या बोटी नानांच्या मागे रांग लावतात. लिलावात नाना पुन्हा पुढे उभे राहतात.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लोक पाणबुड्या हेरण्यासाठी समुद्रात आवाज सोडत होते. त्यांना काही शे मीटरवर एक तळ दिसला. नकाशात तिथे हजारो मीटर पाणी होतं. हा तळ संध्याकाळी वर येई आणि सकाळी खाली जाई. तो तळ नव्हता. रात्री चरायला वर येणारे असंख्य बारीक मासे आणि जीव होते.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हंजे बर्फाचा डोंगर शोधाया गेला त्याला तळ घावला. पाणबुडी शोधाया गेले त्यांना मासे घावले. आनि मी मासे शोधाया गेलो तर दगूड घावला.’’ शंभर वर्षांचा इतिहास याहून थोडक्यात मांडता येईल असं मला वाटत नाही. या यंत्रानं मागितलेलं क्वचितच कुणाला दिलं. पण रिकाम्या हातानं कुणाला परतही पाठवलं नाही.

मासे कुठे असतील, याचा अंदाज हल्ली हैदराबादेत बसून इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून देते, पाण्याचं तापमान आणि हिरवळ पाहून, तेही मराठीत आणि फुकट. हैदराबादला समुद्र नाही, हे नानांना अजून पटत नाही. ‘‘तिथं बसून सांगत्यात?’’ म्हणतात, आणि तरी सकाळी फोनवर पहिला तोच अंदाज उघडतात. पण ते झालं कुठल्या दिशेला जायचं एवढंच. तिथे गेल्यावर जाळं टाकायचं की नाही, हे अजून तळावरच ठरतं, आणि तळ मशीन सांगतं. किती मासे उरले आहेत, हे मात्र दोघंही सांगत नाहीत. दोन महिन्यांची बंदी नाना हल्ली कुरकुर न करता पाळतात ती त्यामुळेच. मशीन मासे हुडकतं, पैदा करत नाही, हे त्यांनी स्वतःच मला ऐकवलं.

तेव्हा ज्यांना हे मशीन घ्यायचं आहे त्यांनी जरूर घ्यावं, पण तळासाठी घ्यावं. मासे लागले तर ते दर्याचं देणं समजावं. केबल कापू नये, गोळ्याच्या तोंडाला जाड रंग लावू नये, वीज गाण्यांच्या तारेवरून घेऊ नये, गेन टोकापर्यंत फिरवू नये आणि पडदा ज्याला माशांची आशा नाही अशा माणसाच्या हाती द्यावा. आणि डेमो बंद आहे याची खात्री झाल्याखेरीज कुणालाही पेढे आणायला पाठवू नये.